आई-बाबांना इथे चालायला रस्ता नाही, आणि तो अडवणाऱ्यांत आपणही आहोत

गेल्या मे महिन्यात आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला आले आणि चौथ्याच दिवशी सकाळी साडेसहाला बाबा बूट चढवून, स्वेटर घालून, हातात कापडी पिशवी घेऊन दूध आणायला बाहेर पडले. घरात दुधाचा अख्खा गॅलन होता, पण तो मुद्दाच नव्हता. साताऱ्यात रिटायर झाल्यापासून ते रोज सकाळी दूध आणि पेपर आणायला जातात, वाटेत दोनचार जण भेटतात, राजवाड्याजवळ चहा होतो, कधी पाय साथ देत असतील तर चार भिंतीच्या टेकडीपर्यंत चढून येतात, मग घरी येऊन आईला गावातल्या सगळ्या बातम्या सांगतात आणि मग कुठे त्यांचा दिवस सुरू होतो. इथे त्यांनी आदल्या दिवशी गाडीतून जाताना दुकान कुठे आहे ते बघून ठेवलं होतं, सव्वा मैल, म्हणजे दोन किलोमीटर, त्यांना ते काहीच नाही. आमच्या कॉलनीतला फूटपाथ जिथे संपतो तिथे पुढे गवत, मग पाणी वाहून जायचा चर, मग लोखंडी कठडा, आणि कठडा आणि रस्त्याची पांढरी पट्टी यांच्यामध्ये जेमतेम दीड फूट डांबर. त्यावरून ते चालत निघाले आणि बाजूने ताशी ४५ मैलांच्या स्पीडने गाड्या. एका बाईने गाडी थांबवून विचारलं की तुमची गाडी बंद पडलीय का, मदत हवीय का, बाबांनी पिशवी दाखवून "मिल्क, मिल्क" सांगितलं, तिला काही झेपेना, शेवटी त्यांच्या खिशातली पत्त्याची चिठ्ठी वाचून तिने त्यांना घरी आणून सोडलं. दारात उभी राहून ती अगदी कळवळून म्हणाली की प्लीज त्यांना या रस्त्यावर एकटं चालू देऊ नका.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण बाबा दिवसभर गप्प होते आणि संध्याकाळी मला म्हणाले, "अगं, मी चाललो होतो. हरवलो नव्हतो." त्यानंतर पुढचे पाच महिने ते आमच्या गल्लीच्या टोकाला गाडी वळवायला जो गोल असतो, कल-डी-सॅक म्हणतात तो, तिथपर्यंत जाऊन परत यायचे. सकाळी अकरा फेऱ्या, संध्याकाळी अकरा, मोजून.

हे बाबा कोण ते सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. ते एसटीत होते, आधी कंडक्टर आणि मग वाहतूक नियंत्रक, एकूण चौतीस वर्षं. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली ही तारीख आमच्या घरात कोणाच्या तरी वाढदिवसासारखी लक्षात असते. आता वयाची ७५ वर्षं उलटल्यामुळे त्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, ही सवलत ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं त्यामुळे आईचंही काम झालं. दोघं मनात आलं की उठतात आणि वाईला गणपतीला जातात, कराडला मावशीकडे जातात, संध्याकाळपर्यंत परत. मुलाला विचारायचं नाही, सुनेला विचारायचं नाही, कोणाची गाडी मोकळी आहे का हे बघायचं नाही. त्या माणसाला माझ्या घरी दाढीचं ब्लेड हवं असेल तर मला सांगावं लागायचं आणि मी म्हणायचे, शनिवारी जाऊ या बाबा. हे शनिवारी जाऊ मी किती वेळा म्हटलंय ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

आता आपल्याकडे यावर काय बोललं जातं? आई-बाबांना इथे करमत नाही. त्यांना सवय नाही. त्यांनी जरा ॲडजस्ट करायला पाहिजे, मोबाईलवर काहीतरी बघायला शिकलं पाहिजे, गेल्या वेळी अमक्याची आई किती छान रमली होती. अठरा वर्षं मी ही वाक्यं ऐकतेय आणि बोलतेय. प्रत्येक घरात हे दुखणं आहे आणि प्रत्येक घर त्याला घरगुती दुखणं समजतं, म्हणजे मुलाला वेळ नाही, सुनेचं जॉब आहे, म्हाताऱ्यांचा स्वभाव हट्टी. मग उपायही घरगुतीच, वीकेंडला मॉल, महिन्यातून एकदा महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम, एकदा नायगारा. मला आता ठामपणे वाटतं की हे घरगुती दुखणं नाहीच. आई-बाबा घरात कोंडले जातात कारण आपण राहतो ती गावं तशी बांधली गेली आहेत, ती तशी बांधायचा निर्णय टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सभागृहात मतदान करून झालेला आहे, तो बदलायचा निर्णयही तिथेच होऊ शकतो, आणि तिथे आपण एकतर जात नाही किंवा जातो तेव्हा नेमके उलट्या बाजूने बोलतो.

आमच्याच घराचं बघा. आमच्या मागच्या अंगणाच्या कुंपणाला लागून झाडांची एक रांग आहे आणि त्या झाडांच्या पलीकडे प्लाझाचं, म्हणजे दुकानांच्या संकुलाचं, पार्किंग. हिवाळ्यात पानं झडली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून ग्रोसरीच्या दुकानाची पाटी वाचता येते. सरळ रेषेत शे-दीडशे पावलं असतील. पण मध्ये कुंपण, वाट नाही, त्यामुळे आधी गल्ली, मग कॉलनीचा मुख्य रस्ता, मग काउंटी रोड, सिग्नल, आणि मग प्लाझा असा सव्वा मैल. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणापासून ऐकली, पण ती कोणी नकाशावर काढून त्याप्रमाणे रस्ते बांधील असं वाटलं नव्हतं. आणि हे चुकून झालेलं नाही. घरांच्या झोनमध्ये दुकान नको, दुकानांच्या झोनमध्ये घर नको आणि दोघांच्या मध्ये झाडांचा पट्टा हवा असं नियमात लिहिलेलं आहे.

हा नियम आला कुठून ते शोधायला लागले आणि एका नावाशी थांबले. अमेरिकेत झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं हे गावाने नियमाने ठरवणं, कायदेशीर आहे असं सुप्रीम कोर्टाने १९२६ मध्ये ठरवलं, ओहायोमध्ये क्लीव्हलँडच्या शेजारी युक्लिड नावाचं गाव आहे, त्या गावाच्या खटल्यात. निकाल लिहिला न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी. त्यात त्यांनी म्हटलंय की स्वतंत्र घरांच्या वस्तीत अपार्टमेंटची बिल्डिंग ही बरेचदा निव्वळ बांडगूळ असते, शेजारच्या घरांनी तयार केलेल्या मोकळ्या हवेवर जगणारी. आता हेच सदरलँड त्याच्या तीन वर्षं आधी, १९२३ मध्ये, दुसऱ्या एका खटल्याचा निकाल लिहून बसले होते, भगतसिंग थिंद यांच्या. थिंद पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी कोर्टाने सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तुम्ही गोरे नाही त्यामुळे तुम्हाला नागरिकत्व मिळणार नाही, आणि त्या निकालाच्या आधारे ज्या हिंदुस्थानी लोकांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्यातल्या कित्येकांचंही काढून घेतलं गेलं. सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आलेले. एकाच माणसाच्या हातून तीन वर्षांत दोन निकाल, एकात आपण देशात नको आणि दुसऱ्यात फ्लॅटमध्ये राहणारे गल्लीत नकोत. पहिला निकाल १९४६ च्या कायद्याने निकालात निघाला, भारतीयांना नागरिकत्वाची वाट उघडली, आणि १९६५ च्या कायद्यानंतर तर आपण हजारोंनी आलो. दुसरा निकाल मात्र अजून तसाच उभा आहे आणि त्याच्या सावलीत आपण घरं घेतली आहेत. दोन्ही निकाल एकाच रात्री वाचले, त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचं बहुतेकांना थोडंफार माहीत असतं. महायुद्ध संपल्यावर १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लॉंग आयलंडवर लेव्हिटाउन सुरू झालं, एकसारखी १७ हजारांहून जास्त घरं, आणि सुरुवातीच्या करारातच लिहिलेलं की गोऱ्या वंशाखेरीज कोणी राहायचं नाही, नोकर म्हणून ठेवलं तर चालेल. डेट्रॉइटमध्ये १९४१ मध्ये एका बिल्डरने गोऱ्यांची वस्ती काळ्यांच्या वस्तीपासून वेगळी दिसावी म्हणून अर्धा मैल लांबीची भिंत बांधली, कारण त्याशिवाय सरकार कर्जाला हमी देत नव्हतं, ती भिंत अजून आहे. १९५६ मध्ये आयझेनहॉवरच्या काळात इंटरस्टेटचा कायदा झाला, ४१ हजार मैलांचे हायवे, ९० टक्के खर्च केंद्राचा. लोक लांब लांब राहायला गेले, त्यांच्यासाठी रस्ते रुंद झाले, आणि जिथे जायचं ते सगळं गाडीच्या अंतरावर गेलं. वंशाच्या अटी पुढे कायद्याने गेल्या. एक घर, त्याभोवती एवढं आवार असलंच पाहिजे, शेजारी दुकान नको, बिल्डिंग नको, या अटी राहिल्या. माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून त्याला परवडेल अशा घराला नाही म्हणायचं. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये माउंट लॉरेल गावच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलं की झोनिंग वापरून गरिबांना गावाबाहेर ठेवता येणार नाही, आणि त्याला पन्नास वर्षं झाली तरी गावं पळवाटा शोधतातच आहेत.

आणि चालणाऱ्या माणसाचं काय झालं? अमेरिकेत २००९ मध्ये रस्त्यावर चालताना गाडीखाली मेलेली माणसं ४१०० च्या आसपास होती, २०२२ मध्ये ती साडेसात हजारांच्या वर गेली. ज्या देशात चालणारेच इतके कमी, तिथे हा आकडा आहे. दुसरी गोष्ट याहून वाईट, जिथे कोणीच चालत नाही तिथे चालणारा माणूस संशयित ठरतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामात मॅडिसन नावाच्या गावात गुजरातमधून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा मुलाच्या घराजवळ सकाळी पाय मोकळे करायला निघाले होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला की एक बारीकसा काळा माणूस फिरतोय. पोलिस आले, आजोबांना इंग्लिश येत नव्हतं, "नो इंग्लिश" एवढंच म्हणत राहिले, आणि एका पोलिसाने त्यांना हात मागे धरून जमिनीवर आपटलं. मणक्याला मार लागून अंग लुळं पडलं. पोलिसावर खटला चालला, तो सुटला. पोलिसांच्या गाडीच्या कॅमेऱ्याने टिपलेला तो व्हिडिओ मी तेव्हा बघितला होता, हळहळले होते आणि पुढच्या आठवड्यात विसरले होते. बाबांना त्या बाईने गाडीतून आणून सोडलं त्या सकाळी तो मला पुन्हा आठवला आणि माझे हात थरथरायला लागले. आमच्या नशिबी कळवळ्याची बाई आली, त्यांच्या नशिबी पोलिस आला.

म्हणून अमेरिका म्हणजे असंच असतं असं कोणी म्हणू नका, कारण मी दुसरी अमेरिकाही बाबांबरोबरच बघितली. जुलैमध्ये आम्ही लास वेगासला उतरून युटाहमध्ये झायन नॅशनल पार्कला गेलो. तिथे आत दरीत जायला सीझनमध्ये स्वतःची गाडी चालतच नाही. गाड्यांची एवढी गर्दी व्हायची की पार्किंग पुरेना, गवतावर कुठेही गाड्या लागायच्या, शेवटी २००० सालापासून त्यांनी शटल बस सुरू केली आणि गाड्या बंद केल्या. बस फुकट, थोड्या थोड्या मिनिटांनी येते, चढा, कुठेही उतरा, फिरा, पुढची पकडा. मी आयुष्यात बाबांना इतकं खूश बघितलं नव्हतं. लाल डोंगर सगळे वरती बघत होते आणि बाबा घड्याळ बघत होते, दोन गाड्यांमध्ये किती मिनिटं जातात, थांब्यावर किती माणसं राहतात, ड्रायव्हर किती फेऱ्यांनी बदलतो. दुसऱ्या दिवशी ते आणि आई आम्हाला हॉटेलवर सोडून दोघंच बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन नदीच्या कडेकडेने चालून आले. परत आले तर आईच्या हातात एक सफरचंद, बसमध्ये ओहायोच्या कोणा म्हातारीने दिलेलं, तिचाही गुडघा दुखतो म्हणे. आईला इंग्लिश येत नाही आणि त्या बाईला मराठी येत नाही, गुडघा दोघींना कळतो. अमेरिकेत राहून सात आठवडे झाले होते आणि आई अनोळखी अमेरिकन माणसाशी पहिल्यांदा बोलली होती.

परत येताना विमानात मी विचार करत होते की हाच देश, हेच लोक, गाडी घरी ठेवून बसमध्ये एकमेकांना खेटून बसतात आणि कोणाची तक्रार नाही, मग हे वर्षातून एकदा डोंगर बघण्यापुरतंच का? न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन हाइट्स या देशी वस्तीत गेलो तेव्हाही तेच, सबवेतून उतरलो, जिना उतरला की खाली दुकानं, देवळात जाऊन आलो, बाबांनी स्वतः जाऊन पान आणलं. घरं लहान आहेत, रस्त्यावर कचरा आहे, वर रेल्वेचा खडखडाट आहे. बाबा म्हणाले इथे राहिलो असतो.

आता आपला भाग. सप्टेंबरमध्ये त्याच प्लाझाबद्दल झोनिंग बोर्डासमोर एक अर्ज आला. प्लाझातलं एक मोठं दुकान कधीचं बंद पडलंय, ते पाडून तिथे तीन मजली बिल्डिंग, खाली दुकानं, वर फ्लॅट, त्यातले काही सीनियर लोकांसाठी राखीव, काउंटी रोडला फूटपाथ, आणि झाडांच्या पट्ट्यातून आमच्या कॉलनीकडे एक पायवाट. पायवाट! मला पत्र आलं, कारण इथल्या कायद्याप्रमाणे दोनशे फुटांच्या आत ज्यांची प्रॉपर्टी आहे त्यांना नोटीस द्यावीच लागते. आणि पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्यात निम्म्याहून जास्त आपलेच देशी लोक आहेत, मेसेजचा पाऊस. ट्रॅफिक वाढेल, शाळेत गर्दी होईल, रेटिंग पडेल, प्रॉपर्टी व्हॅल्यू जाईल, आणि मग ते वाक्य, "तसले लोक येतील". तसले म्हणजे कसले हे कोणी लिहीत नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्यातल्या तिघांचे आईवडील तेव्हा इथेच होते, माझे बाबा त्यांच्याबरोबर त्या गोलावर फेऱ्या मारायचे. संध्याकाळी चार म्हातारे त्या गोलात चालतायत आणि घरात बसून त्यांची मुलं पायवाटेविरुद्ध सह्या गोळा करतायत, हे चित्र मी माझ्या खिडकीतून बघितलंय.

आणि मी स्वतः कोण लागून गेले? सहा वर्षांपूर्वी टाउनशिपने आमच्या मुख्य रस्त्याला फूटपाथ करायचा प्रस्ताव आणला होता तेव्हा विरोधाच्या अर्जावर माझी सही आहे. फूटपाथ झाला की त्यावरचा स्नो घरमालकाने काढायचा, लॉनचा पट्टा जाणार, अनोळखी लोक दारावरून जाणार, एवढ्यावर मी सही केली होती, दोन मिनिटंही विचार केला नव्हता. तो फूटपाथ झाला असता तर बाबा त्या दिवशी दीड फूट डांबरावरून चालले नसते. ही सही मला आता पुसता येत नाही.

माझ्या नवऱ्याचा आणि माझा यावर बराच वाद झाला, तो विरोधाच्या बाजूचा आहे असं नाही पण त्याचे प्रश्न खरे आहेत, म्हणून लिहिते. तो म्हणाला, आपण तिकडची गर्दी सोडून इथे आलो ते मोकळं घर, अंगण, शांतता यासाठी, आता तेच आपण मोडायचं का? माझं म्हणणं, तुझं अंगण कोणी मागत नाहीये. बंद पडलेल्या दुकानाच्या आणि रिकाम्या पार्किंगच्या जागी बिल्डिंग होतेय. मिनियापोलिसने २०१८ मध्ये ठरवलं, ओरेगन राज्याने २०१९ मध्ये कायदा केला की फक्त एकाच कुटुंबाच्या घराची सक्ती करायची नाही, तिथे एकेकटी घरं पाडली गेली नाहीत, ज्यांना अंगण हवं त्यांचं अंगण आहेच, सक्ती तेवढी गेली. शाळेचं म्हणाल तर सीनियर लोकांच्या फ्लॅटमधून शाळेत कोण जाणार आहे? ट्रॅफिकचं थोडं खरं आहे, थोडा वाढेल, पण आज दुधाच्या एका पिशवीसाठी कॉलनीतल्या प्रत्येक घरातून गाडी निघते तो ट्रॅफिक कोणाचा आहे?

दुसरं तो म्हणाला, आपल्याकडे कुठे धड फूटपाथ आहेत, पुण्यात चालून दाखव. हे मी शंभर टक्के मान्य करते. पुण्यात फूटपाथवर टपऱ्या, टू-व्हीलर, मध्येच झाड, मध्येच ट्रान्सफॉर्मर, म्हातारं माणूस रस्ता क्रॉस करताना जीव मुठीत धरतं. पण तिथे खाली उतरलं की वाणी आहे, केमिस्ट आहे, कट्टा आहे, रिक्षा आहे. वाट खराब आहे पण पोचायचं ठिकाण जवळ आहे. इथे वाट बांधायला पैसा, शिस्त, कायदा सगळं आहे, ठिकाणच लांब नेऊन ठेवलंय. आणि आता तिकडेही हिंजवडी, वाकडच्या पुढे भिंतीआड टाउनशिपा होतायत, ज्यांत गेटबाहेर पडलं की चालायला काही नाही, आणि त्यांची जाहिरात अमेरिकेसारखं राहा अशी होते, ते बघून मला खरंच भीती वाटते.

तिसरं, आणि हे सगळेच म्हणतात, आई-बाबा सहाच महिने असतात, त्यांच्यासाठी गाव बदलायचं का? पण पुढे आपलंच काय होणार आहे? मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. आणखी तीस वर्षांनी मला रात्री गाडी चालवता येणार नाही, माझी मुलगी बहुतेक दुसऱ्या राज्यात असेल, आणि मी याच गोलावर फेऱ्या मारत असेन. आपल्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या अमेरिकन आजी, वय ८८, त्यांचं लायसन्स गेल्या वर्षी गेलं, तेव्हापासून त्या बाहेर दिसलेल्या नाहीत. त्या काही व्हिसावर आलेल्या नाहीत.

आपल्या लोकांचं सार्वजनिक जीवन म्हटलं की मंडळ, गणपती, दिवाळी, अधिवेशन. इथल्या मराठी मंडळांची मोठी संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ मध्ये शिकागोत सुरू झाली, त्याचा मला अभिमान आहे, माझी मुलगी मराठी बोलते ती मंडळाच्या शाळेमुळे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले तेव्हा आम्ही फोटो फॉरवर्ड केले. पण टाउनशिपच्या मीटिंगला मी पहिल्यांदा गेले ती या सप्टेंबरात, अठरा वर्षांनी. आणि गेल्यावर कळलं की ही किती मोठी गोष्ट आपण हातची घालवतोय. दार उघडं असतं, न्यू जर्सीत १९७५ पासून तसा कायदाच आहे की सरकारी मंडळांच्या सभा लोकांसमोर झाल्या पाहिजेत. बोलायला सिटिझन असावं लागत नाही. ज्यांचं ग्रीन कार्ड एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही या कोट्यात वर्षानुवर्षं अडकलंय, ज्यांना मत देता येत नाही, ते सुद्धा उभं राहून नाव-पत्ता सांगून बोलू शकतात आणि ते सभेच्या इतिवृत्तात लिहिलं जातं. साताऱ्यात नगरपालिकेच्या सभेत बाबांना असं कोणी बोलू दिलं नसतं.

बाबाही त्या दिवशी माझ्याबरोबर आले होते. बोलणाऱ्याला उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते हे बघून ते जरा सावरून बसले. इंग्लिश त्यांना फारसं कळत नव्हतं पण भिंतीवर प्लाझाचा नकाशा लावला होता तो ते टक लावून बघत होते. माझ्या आधी नऊ जण विरोधात बोलले, त्यातले पाच आपले. मी पायवाटेच्या बाजूने बोलले, आवाज कापत होता. खाली येऊन बसले तर बाबा कानाशी म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण बसथांबा कुठे दाखवलाय?"

नव्हताच दाखवला. घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑगस्टचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीने रेघा मारल्या आणि दोन दिवस बसून वेळापत्रक केलं. आमच्या टाउनशिपकडे सीनियर लोकांसाठी एक छोटी बस आहे, मंगळवार आणि गुरुवारी चालते, तीही दोन दिवस आधी फोन करून नाव लावलं तर. बाकीचे दिवस उभी असते. बाबांनी तीच गाडी धरली. मला गाडी चालवायला लावून घड्याळ लावून अंतरं घेतली. आमची कॉलनी, प्लाझा, लायब्ररी, दवाखाना, रेल्वे स्टेशन आणि परत, धावायला ३८ मिनिटं, टोकाला सात मिनिटं थांबा, अशी पाऊण तासाची एक फेरी, नऊ वाजता पहिली, दिवसाला आठ फेऱ्या, ड्रायव्हरला मध्ये जेवायला अर्धा तास, साडेतीनला गाडी आत. दोन ठिकाणी त्यांनी विनंती थांबा लिहिलं होतं, एक त्या ८८ वर्षांच्या आजींच्या दारासमोर. मी त्याचं इंग्लिश केलं, ऑक्टोबरच्या कौन्सिल मीटिंगला तीन मिनिटांत वाचून दाखवलं आणि मूळ कागदाची कॉपी जोडली. एका मेंबरने ड्रायव्हरच्या पगाराचं विचारलं, दुसरा म्हणाला बजेटच्या वेळी बघू. क्लार्कबाईंनी दोन्ही कागदांवर तारखेचा शिक्का मारून ठेवून घेतले.

प्लाझाच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. असल्या अर्जाला सातपैकी पाच मतं लागतात, सुनावणी दोनदा पुढे गेलीय. मी ग्रुपवर लिहिलं की मी बाजूने बोलले आणि परत बोलणार आहे, त्यानंतर दोन घरांतून आमच्याशी बोलणं बंद झालंय, दिवाळीचा फराळही आला नाही, त्याचं वाईट वाटतं. पण तिघींनी वेगळा मेसेज करून विचारलं की पुढच्या वेळी कधी जाणार आहेस, आम्ही पण येतो. त्यातल्या एकीचे सासरे बाबांबरोबर फेऱ्या मारायचे.

आई-बाबा नोव्हेंबरमध्ये परत गेले. परवा फोनवर मी विचारलं, एप्रिलचं तिकीट काढू का, तर बाबा म्हणाले, "थांब जरा. आधी त्या मीटिंगचं काय होतंय ते कळव."